ननंदेच्या थकव्याचं मूळ जीनमध्ये (जनुकांत)? टेस्ट करावी का, आणि सोयरिकीत काय सांगावं?

अमळनेरची_सून

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचक होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मोठी ननंद, वय २६. बीएड करून शाळेत लागली होती. तिला डेंग्यू झाला, पेशी उतरल्या, सलाईन लावून घरी आणलं. ताप गेला, पण पोरगी काही पुन्हा उभी राहिली नाही. रात्रभर झोपून सकाळी उठते ती दमलेलीच. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून डोकं धुतलं, चार पोळ्या लाटल्या, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जी आडवी होते ती आठवडाभर. खिडकीचा उजेड नको, मिक्सरचा आवाज नको. मोठा मेसेज वाचताना शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. रक्त, थायरॉईड, बी-१२, एमआरआय, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका दवाखान्यात तर सांगितलं, "लग्न करून टाका, होईल बरी." शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं आणि लिहून दिलं: एमई/सीएफएस. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम.

आता मुद्दा. भाऊजींनी वाचलं की ब्रिटनमध्ये या आजाराचे जीन सापडलेत. सासूबाईंना रडूच आलं, म्हणाल्या, "म्हणजे माझी पोर ढोंग नाही करत ना?" अप्पांनी (सासरे) मात्र बजावलं, "आनुवंशिक हा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." कारण धाकट्या ननंदेची एका ठिकाणी बोलणी चाललीत.

त्यात भाऊजींनी एक लॅब शोधलीय. थुंकी पाठवा, अठरा हजार भरा, "थकव्याचे जीन" सांगतो म्हणतात. तर १) हे संशोधन खरं आहे का? २) टेस्ट करावी का? ३) पाहुण्यांना काय सांगावं?

---

शेवभाजी_तिखट

मे महिन्यात अख्ख्या जळगाव जिल्ह्याला हाच आजार असतो. ४५ डिग्रीत कोण उठतंय! 😄

---

चोपड्याची_लेक

@शेवभाजी, पूर्ण वाचून तरी लिहायचं होतं. सूनबाई, पुढे लिहा तुम्ही, आम्ही आहोत.

---

मास्तर_शहादा

पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. हा विषय थोडाफार वाचलाय, सांगतो.

संशोधन खरं आहे. नाव डीकोडएमई. एडिंबरा विद्यापीठाचे ख्रिस पाँटिंग त्याचे प्रमुख. नावनोंदणी २०२२ च्या सप्टेंबरात सुरू झाली. मला विशेष वाटलं ते असं, की रुग्णांना कुठे बोलावलंच नाही. घरपोच नळी पाठवली, त्यात थुंकून पोस्टाने परत. जो माणूस न्हाणीघरापर्यंत जाऊ शकत नाही त्याला तुम्ही दवाखान्याच्या रांगेत उभं करणार कसं? आणि अभ्यासाची आखणी करताना शास्त्रज्ञांबरोबर रुग्ण स्वतः बसले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले निष्कर्ष आले. १५,५७९ रुग्ण एका बाजूला, २,५९,९०९ इतर लोक दुसऱ्या बाजूला. दोघांच्या डीएनएतली लाखो अक्षरं ताडून पाहायची, आणि कोणतं अक्षर रुग्णांत जरा जास्त वेळा येतं ते शोधायचं. अशी आठ ठिकाणं सापडली. ठिकाणं म्हणतोय, जीन नाही. एका ठिकाणी आजूबाजूला बरेच जीन असतात, त्यातला नेमका कोणता कामाचा ते अजून ठरायचंय. त्यातल्या तीन ठिकाणचे संभाव्य जीन, बीटीएन२ए२, ओएलएफएम४ आणि आरएबीजीएपी१एल, हे विषाणू किंवा जिवाणू अंगात शिरल्यावर शरीर जो प्रतिकार करतं त्यात भाग घेतात. सीए१० जवळचं एक ठिकाण अंगभर राहणाऱ्या जुनाट दुखण्याशी जुळतं.

तुमच्या ननंदेचं डेंग्यूनंतर सुरू झालं. पुष्कळ रुग्ण अशाच एखाद्या तापाची तारीख सांगतात.

आणि सासूबाईंना एक नक्की सांगा. या आठ ठिकाणांचा नैराश्याच्या किंवा चिंतेच्या आजाराशी समान जनुकीय दुवा आहे का हे मुद्दाम तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही.

---

नाना_पारोळेकर

मास्तर, तुमचा आदर आहे. पण आमच्याकडे बाया पहाटे भाकरी थापून निंदणीला जातात, सांजला सरपण घेऊन येतात, वरून नवऱ्याच्या शिव्या. त्या थकत नाहीत? त्यांची थुंकी कोणी मागवली नाही. शिकलेल्या पोरीला थकवा आला की त्याला इंग्रजी नाव. आमच्या मायचा निम्मा जन्म "अंग मोडी राहिनं" म्हणण्यात गेला.

---

चोपड्याची_लेक

नाना, बोललात ते खरं आहे, पण मग रागवायचं कोणावर? तुमच्या मायची थुंकी कोणी मागवली नाही म्हणून या पोरीचीही मागवू नये, असं होतं का?

---

डॉ_साक्री

नानांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. गोव्यात १८ ते ५० वयाच्या बायकांची मोठी पाहणी झाली होती, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली आली. सहा महिन्यांहून जास्त थकवा सांगणाऱ्या बायका सुमारे १२ टक्के निघाल्या. आपण सगळे हिमोग्लोबिनकडे बोट दाखवतो, पण तिथे थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध लागला नाही. लागला तो गरिबी, घरातला जाच, मनावरचा ताण यांच्याशी. तेव्हा नानांच्या माय काही उगाच म्हणत नव्हत्या.

पण ती "थकवा" या तक्रारीची पाहणी होती. एमई/सीएफएस हा वेगळा प्रकार, आणि मी ओपीडीत तो एकाच प्रश्नाने वेगळा काढायला बघतो: "काम केल्यावर कधी कोसळता? लगेच की दुसऱ्या दिवशी?" निंदणीहून आलेली बाई त्याच रात्री मोडते आणि झोपली की सकाळी बरीचशी सावरते. या आजारात झोपेने भरून येत नाही. क्षुल्लक श्रमानंतर एक-दोन दिवसांनी सगळं एकदम बिघडतं, आणि श्रम म्हणजे नुसते अंगाचे नाही, तासभर हिशेब केला तरी पुरतं. सूनबाईंनी पोळ्यांचं लिहिलंय ते अगदी तेच आहे.

तरीही वाचणाऱ्यांनी दमलं की हेच, असं ठरवू नये. आपल्या भागात आधी रक्तक्षय, थायरॉईड, साखर, बी-१२, क्षयरोग, यकृत, मूत्रपिंड आणि झोपेतला श्वास बघायचा. रोज यातलंच काही ना काही सापडतं, आणि त्याला औषध आहे.

---

भुसावळ_लोको

मी बी हाई भोगेल शे, म्हणून लिहितो.

रेल्वेत आहे. दुसऱ्या लाटेत कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, "माइल्ड" म्हणून सोडलं. पुढच्या चैत्रात गावातली पोरं नेहमीप्रमाणे सप्तशृंगीला पायी निघाली. मी दरवर्षी जाणारा. निघालो. धुळ्याच्या अलीकडे मुक्काम पडला तोपर्यंत ठीक होतो, भजनात झांज बी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि बोटांना कळेचना की पुढं काय करायचं. नाडी हातात, मी तसाच बसलेलो. पोरं हसली, मला वाटलं मी पण हसतोय. टेम्पोत घालून घरी आणलं. तिथून जो पलंग धरला तो पावसाळा संपेपर्यंत.

त्यानंतर फिजिओवाल्यांनी सांगितलं, रोज पाच मिनिटं वाढवा, शरीराला सवय लावा. मी रेल्वेचा माणूस, हुकूम पाळणारा. वाढवत गेलो आणि खाली खाली गेलो. ड्यूटी बदलून टेबलावर घेतली तेव्हा कुठं जरा स्थिर झालो.

सूनबाई, ननंदेला कोणी "थोडं थोडं वाढव" म्हटलं तर त्यांना माझा पत्ता द्या.

---

डॉ_साक्री

लोको दादांचं म्हणणं आता पुस्तकातही आलंय. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला काढून टाकला. त्याऐवजी, जेवढी शक्ती आहे तेवढ्यातच दिवस बसवायचा आणि कोसळायच्या आधी थांबायचं. नेमकं औषध अजून नाही. झोप, दुखणं, चक्कर यांवर उपचार करता येतात, आणि त्यानेही बराच फरक पडतो.

---

सातपुडा_आशा

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला पाड्या-पाड्यावर फिरलेय, त्यामुळे "जीन" म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येतं ते मला ठाऊक आहे. रक्त द्या, कार्ड घ्या, दोघं वाहक (अंगात तो जीन, पण आजार नाही) असाल तर लग्नाआधी विचार करा. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, हे आता पाड्यावरची म्हातारीसुद्धा सांगते.

पण मास्तर लिहितात तो प्रकार असा दिसत नाही. असं कार्ड या आजाराचं निघेल का? नाही ना? सूनबाईंच्या लॅबवाल्याने नेमकं तेच कार्ड विकायला काढलंय, म्हणून विचारते.

---

मास्तर_शहादा

आशाताई, एकदम बरोबर जागी बोट ठेवलंत.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जीनमधलं एक अक्षर बदलतं. तो बदल आई आणि बाप दोघांकडून आला की आजार. म्हणून तिथे कार्ड चालतं. इथे आठ ठिकाणं, आणि प्रत्येकाचा वाटा अगदी बारीक. आणि ही अक्षरं काही दुर्मीळ नाहीत. ती निरोगी माणसांतही भरपूर असतात. तुमच्यात, माझ्यात, लॅबवाल्याच्या मालकातही. लाखो लोकांची सरासरी काढली तेव्हा कुठे फरक दिसला. एका माणसाची थुंकी घेऊन "तुला आहे, तुला नाही" हे त्यातून निघत नाही. खुद्द डीकोडएमईने सहभागी रुग्णांना वैयक्तिक निकाल दिले नाहीत.

आणखी एक अडचण. त्या अभ्यासातल्या तुलनेत दोन्हीकडचे लोक युरोपीय वंशाचे आहेत. तीच अक्षरं आपल्याकडे तेवढाच अर्थ ठेवतील असं धरून चालत नाही. आपल्या देशात जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० लोकांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून झालेत, ८० हून जास्त समाजगटांतले. पण तो नकाशा निरोगी लोकांचा. या आजाराच्या रुग्णांची अशी मोजणी आपल्याकडे करायची तर आधी त्यांना कोणीतरी रुग्ण म्हणायला हवं.

अठरा हजार वाचवा.

---

रावेर_केळीवाला

मास्तर, मला माझ्या पद्धतीने समजून घेऊ द्या. आमची टिश्यू कल्चरची केळी, ग्रँड नैन, सगळी रोपं एकाच जीनची. पाच हजार खोडं म्हणजे एकच झाड. तरी सीएमव्ही हा विषाणूरोग (आम्ही हरण्या म्हणतो) आला की एका ओळीतली चार उपटावी लागतात, शेजारची ओळ ठणठणीत. जीन तोच, रोग पसरवणारा मावा किडा कोणत्या झाडावर बसला त्यावर सगळं. म्हणजे माणसात जीन वेगळे असूनसुद्धा बाकीचं नशीब आहेच, असंच ना?

---

मास्तर_शहादा

असंच. वर्गात असता तर पुढच्या बाकावर बसवलं असतं.

---

शेवभाजी_तिखट

रावेरकर, भाव काय चाललाय सध्या?

---

रावेर_केळीवाला

नका विचारू. भावाचं नाव काढलं की मला पण एमई होतो.

---

पुणेरी_जळगावकर

जरा थंड पाणी ओततो, कारण ही गाडी आधी एकदा रुळावरून उतरलेली आहे. २००९ मध्ये सायन्ससारख्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं होतं की एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू या रुग्णांत सापडला. जगभर रुग्ण नाचले. काहींनी एचआयव्हीची औषधं सुरू केली. नंतर निघालं की प्रयोगशाळेतलं प्रदूषण होतं, आणि २०११ च्या अखेरीस तो निबंध मागे घेतला गेला. आठ ठिकाणांचे पेढे वाटण्याआधी हे लक्षात असू द्या. निष्कर्ष जाहीर झाले ते प्रीप्रिंट म्हणून, तज्ज्ञांनी तपासून छापण्याआधी. डीएनए-नोंदींच्या इतर दोन संग्रहांमधल्या रुग्णांशी ताडून पाहिलं तर आठपैकी चारच ठिकाणं जुळली, तीही सैल कसोटीवर.

---

मास्तर_शहादा

आक्षेप रास्त आहे. फक्त दोन्ही एका तराजूत घालू नका. एक्सएमआरव्हीचा निबंध शंभरेक रुग्णांवर उभा होता आणि इतर प्रयोगशाळांत विषाणू सापडलाच नाही. इथे रुग्ण पंधरा हजारांवर आहेत आणि कसोटी फार कडक लावलीय. स्त्रियांत सापडलेले दोन संकेत पुरुषांत स्वतंत्रपणे तपासले, तिथेही दिसले. (नोंदवलेल्या रुग्णांत पाचातल्या चारांहून जास्त बायका आहेत. बायकांनाच का, याचं उत्तर मात्र या आठ ठिकाणांत नाही.) चार जुळली, चार जुळायचीत. त्याला मी अर्धी वाट म्हणेन.

---

अमळनेरची_सून

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. नैराश्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. ननंद पलीकडच्या खोलीत ऐकत होती. म्हणाली, "वहिनी, ते त्या लग्नवाल्या डॉक्टरला पाठवता येईल का?"

टेस्ट रद्द. भाऊजी थोडे खट्टू आहेत.

पण तिसरा प्रश्न सगळ्यांनी टाळलात. पाहुणे येणार आहेत. अप्पा म्हणतात मोठीला मावशीकडे धाडू.

---

नाना_पारोळेकर

सांगू नका. मी स्पष्ट बोलतो. आपल्याकडे पोरीच्या चुलत आत्याला कोड होतं म्हणून सोयरिक मोडलेली मी पाहिलीय. लोक जीन-बिन ऐकत नाहीत, "त्या घरात आजार आहे" एवढंच ऐकतात.

---

सातपुडा_आशा

नाना, लपवलेलं बाहेर येतंच, आणि मग सासरी रोज त्याचं उट्टं निघतं, ते धाकटीला भोगावं लागतं. आणि मोठीला मावशीकडे हलवायचं म्हणजे एसटीत बसवायचं. लोको दादांनी काय लिहिलंय ते वाचलंत ना? पाहुणे चहा पिऊन जातील, ती महिनाभर आडवी पडेल.

---

चोपड्याची_लेक

आशाताईंना १००. आणि सांगायचं म्हणजे "आनुवंशिक" म्हणून ताट वाजवायची गरज नाही. "मोठीला डेंग्यू झाला, त्यानंतर तिला दीर्घ आजार जडला, उपचार सुरू आहेत, ती आमच्याकडेच राहणार आहे." यात काय खोटं आहे? पुढे विचारलं तर पुढचं सांगायचं.

---

पुणेरी_जळगावकर

पण मास्तर, "जीनचा वाटा बारीक" म्हणून धाकटीला काहीच धोका नाही असं म्हणता येईल का?

---

मास्तर_शहादा

काहीच नाही असं नाही. अमेरिकेतल्या युटामध्ये वंशावळीच्या फार मोठ्या नोंदी आहेत. त्यावरून २०११ मध्ये काढलं, की रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हा आजार असण्याची शक्यता इतरांच्या २.७ पट. ऐकायला मोठं वाटतं. पण मुळात शंभरात एकालाही न होणारा आजार आहे, त्याच्या पावणेतीन पट म्हणजेसुद्धा बहुतेक सख्ख्या बहिणींना तो होत नाही. पाहुण्यांच्या घरात मधुमेह असेलच, त्यांना विचारा तो किती जणांना आहे.

---

नाना_पारोळेकर

हे शेवटचं वाक्य मात्र बैठकीत चालेल.

---

डॉ_साक्री

सोयरिकीतलं मला कळत नाही, पण सूनबाई, एक घरगुती तपासणी करा. ननंदेला दहा मिनिटं शांत आडवं राहू द्या, नाडी मोजा. मग भिंतीला पाठ टेकवून, टाचा भिंतीपासून थोड्या पुढे ठेवून उभं करा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला मोजा. शेजारी कोणीतरी धरायला हवंच, चक्कर आली की लगेच झोपवा. या रुग्णांत पुष्कळांना उभं राहणंच सोसत नाही. मिनिटाला तीस किंवा जास्त ठोके वाढून तसेच टिकले तर फिजिशियनला दाखवायचं, रक्तदाबही उभ्याने मोजायला सांगायचा. यावर उपाय आहेत.

---

अमळनेरची_सून

डॉक्टर, आज केलं. आडवी असताना ७८, उभी राहिल्यावर चौथ्या मिनिटाला ११६, तसंच राहिलं. सहाव्या मिनिटाला पाय जांभळट दिसायला लागले, मग झोपवलं. इतक्या दवाखान्यांत उभं करून कोणी नाडी बघितलीच नव्हती!

---

डॉ_साक्री

हा कागद तारीख-वेळ घालून ठेवा आणि पुण्याच्या डॉक्टरांना फोनवर कळवा. मीठ-पाणी वाढवायचं का ते त्यांना विचारूनच. तोवर बसून अंघोळ, बसून भाजी चिरणं, आणि दुपारी कूलरसमोर. उष्म्याने हे आणखी वाढतं.

---

भुसावळ_लोको

अठरा हजार वाचलेत ना, त्यातून आधी इन्व्हर्टर घ्या. लाईट गेली की कूलर काय कामाचा.

---

सातपुडा_आशा

आणि पाहुण्यांचं काय ठरलं?

---

अमळनेरची_सून

मंगळवारी येताहेत, एरंडोलहून. मोठी घरातच राहणार, सासूबाईंनी ठणकावून सांगितलं. चोपड्याच्या ताईंचं वाक्य मी पाठ केलंय. अप्पा अजून "बघू" म्हणताहेत.

---

शेवभाजी_तिखट

एरंडोलचे आहेत? मग आधी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढा. तोंड भरलेलं असताना माणूस नाही म्हणत नाही.